गिटारचा गुरू गिटारवादकच हवा, हा हट्ट कशासाठी?

‘व्हिडिओ बघून वाद्य येत नसतं, आधी गुरू शोध आणि मग वाद्याला हात लाव,’ हा सल्ला आपल्याकडे इतक्या सहज दिला जातो की तो तपासून बघावा असं कुणाला वाटतच नाही. सल्ला देणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. चुकीचा हात बसलेला विद्यार्थी सुधारताना किती घाम गाळावा लागतो, हे शिकवणाऱ्यांना ठाऊक असतं आणि त्या अनुभवातूनच हे बोलणं येतं. पण हाच सल्ला उमरेडच्या एखाद्या मुलाला दिला आणि त्याला शिकायची असेल रेझोनेटर गिटार, तर त्याचा व्यवहारातला अर्थ एकच उरतो, तो म्हणजे ‘शिकू नकोस’. उमरेड ते नागपूर हे अंतर पन्नासेक किलोमीटरचं. नागपूर-नागभीड ही छोट्या रुळांची गाडी रुंदीकरणासाठी २०१९ साली बंद झाली आणि पुढे वर्षानुवर्षं एसटी आणि खासगी गाड्या हाच आधार राहिला. बरं, एवढा प्रवास करून नागपूर गाठलं तरी तिथे तबला, सतार, व्हायोलिन, साधी गिटार शिकवणारे भेटतील. रेझोनेटर गिटारचा शिक्षक मुंबई-पुण्यातही शोधत फिरावं लागतं. अशा वेळी ‘आधी गुरू’ ही अट घालणं म्हणजे ते वाद्य मोजक्या शहरांतल्या मोजक्या लोकांसाठी राखून ठेवणं. माझा आक्षेप या अटीला आहे. ती अट या वाद्याच्या आपल्याकडच्या इतिहासाशी जुळत नाही, ते वाद्य शिकण्याच्या प्रक्रियेशीही जुळत नाही, आणि तिच्यामुळे ज्यांचं नुकसान होतं ते सगळे लहान गावांतले आहेत.

आधी वाद्य कसलं ते पाहू. ध्वनिवर्धक सर्रास वापरात येण्याआधी, ब्रास वाद्यांच्या गदारोळात गिटार ऐकू येईना, म्हणून अमेरिकेत स्थायिक झालेल्या जॉन डोपेरा या स्लोव्हाक कारागिराने तिच्या पोटात ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचे शंकू बसवले. १९२७ साली नॅशनल कंपनीची तीन शंकूंची गिटार बाजारात आली आणि त्यानंतर लगेच डोपेरा बंधूंनी एका शंकूची ‘डोब्रो’ काढली. तारांचा कंप घोडीवरून शंकूत उतरतो आणि शंकू तो मोठा करून बाहेर टाकतो. लाकडाच्या उबदार नादाबरोबर एक धातूची धार येते ती त्यामुळेच. या गिटारचा एक प्रकार मांडीवर आडवा ठेवून वाजवतात. डाव्या हाताने तारा दाबायच्या नसतात, तर जड पोलादी बार त्यांच्यावर नुसता टेकवून सरकवायचा असतो आणि उजव्या हाताच्या बोटांत नख्या घालून तार छेडायची असते. हवाई बेटांवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुजलेली ही वादनपद्धती आपल्याकडे ‘हवाईयन गिटार’ या नावाने आली, कोलकात्यात घरोघरी पोचली, चित्रपटसंगीतात आणि रेडिओवर गाजली. ज्या पद्धतीत स्वर दाबून मिळत नाही, सरकवून मिळतो, तिच्यात मींड ही वेगळी शिकावी लागत नाही. ती बारच्या चालीतच असते. आपल्या कानाला ही गिटार परकी वाटली नाही, त्याचं कारण हेच.

आता मूळ प्रश्न. या गिटारवर रागसंगीत कुणी आणलं आणि ते कुणाकडे शिकले? पहिलं ठळक नाव जोधपूरच्या पं. ब्रिजभूषण काब्रा यांचं. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबर १९६७ साली निघालेल्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेतली गिटार त्यांची. ती घरोघर वाजली आणि हजारो मराठी श्रोत्यांना गिटारवर राग ऐकण्याची सवय तिने लावली. काब्रांचे गुरू होते उस्ताद अली अकबर खाँ, म्हणजे सरोदवादक. गिटार मांडीवर कशी ठेवायची, बार कुठल्या बोटांत धरायचा, चिकारीची तार कुठे लावायची, हे सरोदच्या गुरूकडून मिळण्यासारखं नव्हतं. ते काब्रांनी स्वतःच्या हाताने, वाद्यात बदल करत, शोधून काढलं. गुरूकडून त्यांना मिळाला तो राग, त्याची बढत, लयीचं भान, आणि काय वाजवू नये याची समज. त्यांच्यानंतर गिटारमध्ये चिकारी आणि तरफेच्या तारा घालून मोहनवीणा घडवणारे पं. विश्वमोहन भट्ट आले. त्यांचे गुरू पं. रविशंकर सतारवादक, आणि घरातही गाणं आणि सतारच होती. अमेरिकन गिटारवादक राय कूडरबरोबरच्या ज्या ध्वनिमुद्रिकेला १९९४ साली ग्रॅमी मिळालं, तिच्यातला भट्टांचा हात कुठल्याही गिटारगुरूने घडवलेला नाही.

हा योगायोग फक्त गिटारपुरता असता तर तो अपवाद म्हणून सोडून देता आला असता. पण मुंबईतच त्याहून मोठं उदाहरण आहे. अन्नपूर्णा देवी सूरबहार वाजवत. मैफली सोडून त्यांनी आयुष्याची कित्येक दशकं मुंबईतल्या घरात शिकवण्यात घालवली, आणि त्यांच्याकडे बासरी शिकले हरिप्रसाद चौरसिया आणि नित्यानंद हळदीपूर. बासरीला त्यांनी ओठ लावून दाखवला नाही, त्या गाऊन शिकवत. शिष्य ते गाणं आपापल्या वाद्यावर उतरवून घेई; फुंक कशी घालायची, बोट कुठे अर्धं उघडायचं, हा त्याचा त्याने सोडवायचा प्रश्न होता. चौरसियांनी तर त्यांच्याकडे शिकायला सुरुवात करताना बासरी धरण्याची बाजूच बदलली आणि हाताची सुरुवात पुन्हा पहिल्यापासून केली. आपल्या परंपरेत वाद्याचा हात आणि वाद्याचं संगीत या दोन वेगळ्या शिकवण्या आहेत, त्या एकाच माणसाकडून मिळायला हव्यात असा नियम अली अकबर खाँ, रविशंकर आणि अन्नपूर्णा देवी ज्या घराण्याचे, त्या खुद्द मैहर घराण्यानेच पाळलेला नाही, हे या उदाहरणांतून दिसतं. आणि ही शिकवणी दोन ठिकाणांहून घेता येत असेल, तर उमरेडच्या मुलाला हात व्हिडिओवरून शिकता येईल आणि संगीत त्याच्या गावातल्या गाणाऱ्या माणसाकडून. माझं सगळं म्हणणं एवढ्या एका वाक्यात आहे.

यावर लगेच कुणी म्हणेल की काब्रा, भट्ट, चौरसिया ही असामान्य माणसं, त्यांचा दाखला सामान्य विद्यार्थ्याला कसा लागू पडेल? शिवाय देबाशिष भट्टाचार्य यांनी तर गिटारची तालीम काब्रांकडेच घेतली, म्हणजे गिटारवादक गुरू मिळाला तेव्हा त्यांनी तो धरलाच. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. गिटारवादक गुरू मिळत असेल तर तो धरावा, यात वाद नाही. पण त्याच देबाशिष भट्टाचार्य यांनी पं. अजय चक्रवर्ती यांच्याकडे गाण्याचीही तालीम घेतली, हे विसरता येत नाही. म्हणजे गिटारगुरू मिळाल्यावरही गाण्याच्या गुरूची गरज संपली नाही. असामान्यतेबद्दल म्हणाल तर, असामान्य माणसांचं यश जिथे दिसतं तिथे पद्धतही दिसते, आणि पद्धत सामान्यांना घेता येते. शिवाय गिटार शिकणारा प्रत्येक जण मैफलीचा कलावंत व्हायला निघालेला नसतो. भजनाला पेटीची साथ करणाऱ्या माणसाकडून आपण गोविंदराव टेंब्यांच्या हाताची अपेक्षा ठेवत नाही आणि त्याला पेटी ठेवून दे असंही सांगत नाही. मग गिटार घेतलेल्या मुलाकडूनच पहिल्या दिवशी घराण्याचा दाखला का मागायचा?

हात आणि कान यांची कामं कशी वेगळी होतात, ते एका स्वरावर पाहण्यासारखं आहे. डोब्रोच्या तारा बहुधा जाडीकडून बारकीकडे जी, बी, डी, जी, बी, डी अशा लावतात. जी हा षड्ज धरला तर त्याच तारेवर चौथ्या फ्रेटवर शुद्ध गंधार यायला हवा. पण फ्रेटची ती रेघ पियानोच्या समान अंतरांच्या हिशोबाने आखलेली असते, आणि तंबोऱ्याच्या खर्जातून कानाला आपोआप ऐकू येणारा गंधार त्याहून सुमारे चौदा सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) खाली असतो. पंचवीस इंची तारेच्या गिटारवर हा फरक मोजला तर तो साधारण चार मिलिमीटर भरतो. म्हणजे बार रेघेवर अगदी सरळ ठेवणाऱ्याचा गंधार चढा लागतो. खरा गंधार रेघेच्या अलीकडे, खुंट्यांच्या बाजूला चार मिलिमीटरवर असतो. मोबाइलच्या पडद्यावर हे चार मिलिमीटर दिसत नाहीत, आणि अमेरिकन शिक्षक ते सांगणारही नाही, कारण त्याच्या संगीताला रेघेवरचाच गंधार बहुतेक वेळा पुरतो. ते ऐकू येतात फक्त तंबोरा चालू असताना, आणि ज्याचा कान गाऊन तयार झाला आहे त्यालाच. गावात पंधरा-वीस वर्षं गाणारी, सूर चढला की कपाळाला आठी पडणारी बाई ही चूक अर्ध्या क्षणात धरेल. तिने आयुष्यात गिटार हातात घेतलेली नसली तरी काही बिघडत नाही. एक सावधगिरी मात्र हवी. हा सूर पेटीवर मिळवायला जाऊ नये, कारण पेटीच्या पट्ट्याही त्याच समान हिशोबाने लावलेल्या असतात आणि पेटी फ्रेटच्या रेघेचीच बाजू घेईल. १९४० पासून तीस वर्षं आकाशवाणीवर पेटीला बंदी होती, तिच्या मुळाशी असलेल्या आक्षेपांपैकी हा एक होता. तंबोरा नसेल तर मोबाइलवरचा तंबोराही चालतो.

याच्या उलट, हाताच्या ज्या गोष्टी आहेत त्या बहुतेक डोळ्याने शिकण्याच्या आहेत. गंधारासारखे अपवाद सोडले तर बार फ्रेटच्या अगदी वर हवा, नेहमीच्या गिटारवर बोट ठेवतात तसा त्याच्या मागे नको. बारच्या मागच्या तारा बोटांनी हलकेच झाकल्या नाहीत तर त्या कुजबुजत राहतात. उचलताना बार सरळ वर जायला हवा, नाहीतर तार ओढून एक खरखरीत आवाज सोडते. उजव्या अंगठ्याची नखी तारेला कुठल्या कोनात भेटते यावर नाद गोड की कर्कश ते ठरतं. यातलं काहीही शब्दांत सांगून समजत नाही, पण नीट दाखवलेल्या व्हिडिओत ते वर्गात समोर बसलेल्या विद्यार्थ्याला दिसतं त्यापेक्षाही जास्त स्पष्ट दिसतं. वर्गात गुरूचा हात समोरून, उलटा दिसतो; चांगल्या धड्यात कॅमेरा बरोबर वरून, वाजवणाऱ्याच्याच नजरेतून लावलेला असतो. तिरक्या कॅमेऱ्याचे धडे मात्र टाकावेत, कारण त्यांत बार रेघेच्या पुढे-मागे असल्याचा भास होतो. एकच हालचाल निम्म्या वेगाने, पट्टी न बदलता, पाहिजे तितक्या वेळा बघता येते. समोरच्या गुरूला एवढ्या वेळा ‘पुन्हा दाखवा’ म्हणायचं धाडस कुठल्या विद्यार्थ्याला होतं? तेवढं एक करावं: ऐकताना हेडफोन लावावेत. डोब्रोची जाडी तार सुमारे ९८ हर्ट्झला वाजते आणि मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरमधून तो खर्ज जवळपास बाहेरच पडत नाही, मग विद्यार्थी अर्धाच नाद ऐकून त्याचीच नक्कल करत बसतो.

विरोधकांचा सगळ्यात वजनदार मुद्दा असा की व्हिडिओ बोलतो पण ऐकत नाही. विद्यार्थ्याने चूक केली तर पडद्यावरचा शिक्षक थांबत नाही, आणि चूक रोज पक्की होत जाते. हे मान्य करायलाच हवं. पण या चुका तीन जातींच्या असतात आणि त्यांना एका मापाने मोजल्यामुळे गोंधळ होतो. सुराची आणि लयीची चूक ऐकू येते, ती गावातला गवई किंवा तबलजी पकडतो. हाताच्या ठेवणीची चूक दिसते, ती विद्यार्थ्याने स्वतःचं चित्रण करून शिक्षकाच्या चित्रणाशेजारी ठेवलं की त्याची त्यालाच कळते. तिसरी जात खरोखर अवघड आहे: मनगटात साठलेला ताण, बारवर गरजेपेक्षा जास्त दाब, खांदा चोरून बसणं. हे लवकर ना ऐकू येतं ना दिसतं, आणि तोवर हाताला सवय होऊन जाते. यासाठी वाद्याच्या जाणकाराची नजर लागतेच. पण ती रोज लागत नाही; काही महिन्यांनी एकदा लागते, आणि ती आता दुरूनही मिळते. ॲंडी हॉल हा अमेरिकेतला नावाजलेला डोब्रोवादक ज्या आंतरजालावरच्या शाळेत शिकवतो, तिथे विद्यार्थी आपलं वादन चित्रित करून पाठवतो आणि शिक्षक त्याला उत्तरही चित्रफितीतूनच देतो. ही सोय कोलकात्यातल्या किंवा पुण्यातल्या एखाद्या वादकाने नागपूर जिल्ह्यातल्या विद्यार्थ्यासाठी करायला तंत्राची कुठलीच अडचण नाही. उलट समोरासमोरच्या ऑनलाइन वर्गापेक्षा हीच रीत वाद्याला जास्त मानवते. थेट वर्गात आवाज पोचायला जो उशीर होतो तो बोलण्यात जाणवत नाही, पण मात्रा पाव सेकंदाची झाली की सेकंदाच्या दहाव्या भागाचा उशीरसुद्धा ताल मोडायला पुरेसा असतो. दोघांना एकत्र वाजवताच येत नाही. आधीच मुद्रित केलेल्या ठेक्याबरोबर किंवा धड्याबरोबर वाजवताना ही अडचण येत नाही.

दुसरा दाखला देतात तो ध्वनिमुद्रिकांचा. कुमार गंधर्व लहानपणी थोर गवयांच्या तबकड्या ऐकून हुबेहूब तसंच गात, तरी वडिलांनी त्यांना मुंबईला प्रो. बी. आर. देवधरांकडे पाठवलंच. भीमसेन जोशी अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी ऐकून भारावले, पण त्या तबकडीजवळ बसून राहिले नाहीत. १९३३ साली, अवघ्या अकरा वर्षांच्या वयात, गुरू शोधायला घर सोडून निघाले आणि शेवटी सवाई गंधर्वांकडे स्थिरावले. यातून यंत्र पुरेसं नाही हे सिद्ध होतं, असं म्हणतात. सिद्ध होतं, पण एवढंच की यंत्र एकटं पुरेसं नाही, आणि ते पुरेसं आहे असं मीही म्हणत नाही. या दोन गोष्टी शेवटपर्यंत वाचल्या तर त्यांचा कौल माझ्या बाजूने पडतो. दोन्ही मुलांच्या आयुष्यात संगीताचं दार आधी यंत्रानेच उघडलं. ‘आधी गुरू शोध, मग तबकडीला हात लाव’ अशी अट कुणी भीमसेनांना घातली असती तर गुरू कशासाठी शोधायचा हेच त्यांना कळलं नसतं. शिवाय त्या तबकडीत फक्त आवाज होता. ती ऐकून गळा घडवता येई, पण वाद्य कसं धरलं आहे ते तिच्यातून समजायला मार्ग नव्हता. व्हिडिओने नेमकी तीच उणीव भरून काढली आहे.

मग परंपरेचा मुद्दा येतो. तालीम म्हणजे नुसती माहिती नव्हे, तो संस्कार आहे, तो सहवासातूनच मिळतो. हे वाक्य खरं आहे, म्हणूनच मी उमरेडच्या मुलाला घरात कोंडून मोबाइलपुढे बसवायला सांगत नाही. सहवास त्याला मिळायला हवा, पण तो गाण्याच्या माणसाचा. विदर्भात अशी माणसं कमी नाहीत. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरीने गावागावांत भजनी मंडळं रुजवली. १९३१ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देत देत विशारद झालेले शिक्षक तालुक्यांच्या गावांत आजही शिकवतात. परंपरा म्हणजे एकच गुरू आणि एकच घर, ही समजूतही तपासून घेण्यासारखी आहे. वसंतराव देशपांडे नागपूरच्या शंकरराव सप्र्यांकडे घडले, पण पुढे लाहोर आणि मुंबई इथल्या वेगवेगळ्या उस्तादांकडून त्यांनी घेतलं, दीनानाथांच्या गाण्याचा ध्यास घेतला, आणि त्या सगळ्यांतून स्वतःची गायकी उभी केली. ज्यांना आपण विदर्भाचा अभिमान म्हणून मिरवतो त्यांच्याच शिक्षणाची वाट अशी अनेक ठिकाणांहून गेलेली असताना, आजच्या मुलाने दोन ठिकाणांहून घेतलं तर परंपरा कशी बुडते? पं. भातखंड्यांनी बंदिशी स्वरलिपीत बांधून छापल्या तेव्हाही हीच भीती बोलून दाखवली गेली होती: कागदावरचं गाणं मेलेलं असतं, गुरूच्या तोंडून आलेलंच खरं. आज त्यांची ‘क्रमिक पुस्तकमालिका’ ज्यांच्या कपाटात नाही असे संगीतशिक्षक क्वचितच सापडतील. पुस्तक आलं आणि गुरूही राहिले.

ज्या आक्षेपाला मला पूर्ण उत्तर देता येत नाही तो वेगळाच आहे, आणि विरोधक तो फारसा मांडतही नाहीत. व्हिडिओची खरी अडचण त्याच्या सुकाळात आहे. एक धडा संपायच्या आत पडद्यावर पुढचे दहा सुचवलेले असतात. आज एक शिक्षक जी पट्टीत लावायला सांगतो, उद्या दुसरा डी पट्टीत. परवा तिसरा बार दुसऱ्याच पद्धतीने धरतो. बघणाऱ्याला आपण शिकतो आहोत असं वाटत राहतं, पण बोटांना त्याचा पत्ताही नसतो. गुरूच्या घरी दोन महिने एकच पलटा घोटून घेतला जातो तेव्हा विद्यार्थी कंटाळतो. पण त्या कंटाळ्यातच हात तयार होतो. व्हिडिओ कुणालाही कंटाळू देत नाही, ही त्याची खोड. हा दोष विद्यार्थ्याच्या आळसावर ढकलणंही बरोबर नाही, कारण पडद्यामागची रचनाच माणसाला पुढे पुढे नेण्यासाठी केलेली आहे. यावर उपाय म्हणून एवढंच सांगता येतं की एकच शिक्षक, एकच क्रमवार अभ्यासक्रम निवडावा, धडा उतरवून घेऊन आंतरजाल बंद करावं, आणि पुढचा धडा कधी उघडायचा हे स्वतः न ठरवता गावातल्या त्या गाणाऱ्या गुरुजींना ठरवू द्यावं. ‘हा पलटा अजून सुरात नाही, पुढे जायचं नाही,’ हे सांगायला त्यांना गिटार यायची गरज नाही. हाताची आणि कानाची शिकवणी दोन ठिकाणी ठेवली तरी लगाम एकाच्या हाती लागतो, आणि तो माणसाच्या हाती असावा, यंत्राच्या नव्हे, याबद्दल माझं आणि विरोधकांचं दुमत नाही.

भाषेचा आणि संगीताचा परकेपणा हा त्यामानाने लहान अडथळा आहे. डोब्रोचे बरेच धडे अमेरिकन उच्चारातल्या इंग्रजीत आणि ब्लूग्रास या तिकडच्या लोकसंगीताच्या गाण्यांवर आहेत हे खरं. पण बार उचलण्याची रीत सगळीकडे तीच, आणि हात बसल्यावर त्यावर ब्लूग्रासची धून वाजवायची की भैरवीतलं भजन, हे वाजवणाऱ्याच्या हाती. वाद्याची अडचण मात्र खरीच मोठी आहे, म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. खरी रेझोनेटर गिटार लहान गावात मिळत नाही, आणि साध्या गिटारवर तारा उंच करणारी पट्टी बसवून सुरुवात करता येते. पण व्हिडिओत दिसते म्हणून साध्या गिटारच्या तारा डोब्रोच्या जी पट्टीत ताणू नयेत. त्यात जाड्या दोन तारा नेहमीपेक्षा दोन-तीन अर्धस्वर वर ओढाव्या लागतात आणि साध्या गिटारच्या मानेला तो ताण झेपत नाही. घोडी उखडलेली गिटार पाहून मुलगा खचतो. डी पट्टीत, म्हणजे डी, ए, डी, एफ शार्प, ए, डी असं लावलं तर एकही तार वर ताणावी लागत नाही. अशा साध्या, वाद्य वाचवणाऱ्या गोष्टी मराठीत सांगणारं कुणी नाही, हीच आपली खरी उणीव आहे.

म्हणून ‘व्हिडिओने वाद्य येत नाही’ असं सांगण्यात जी शक्ती जाते ती दोन कामांकडे वळवावी, अशी माझी विनंती आहे. नागपूर, पुणे, मुंबई इथे जे कोणी मांडीवरची गिटार वाजवतात त्यांनी मराठीतून, कॅमेरा वरून लावून, तंबोऱ्याच्या सुरात, पहिल्या वर्षाचे धडे क्रमाने करावेत. भूपाचे पलटे आणि एखादं साधं भजन एवढं पहिल्या वर्षाला पुरे. आणि उमरेड, भिवापूर, कुही अशा गावांतल्या गाण्याच्या शिक्षकांनी, दारात गिटार घेऊन आलेल्या मुलाला ‘हे माझं वाद्य नाही’ म्हणून परत पाठवू नये. तंबोरा लावून त्याला आधी सा गायला सांगावं, मग तोच सा गिटारवर मागावा, आणि गंधाराला बार चार मिलिमीटर अलीकडे येईपर्यंत त्याला पुढे जाऊ देऊ नये.